मंदावलेलं चाक

लॅबच्या टेबलावर चाक नव्हतंच, तरी कंट्रोलरला ते फिरतंय असं वाटत होतं. शर्वाणीचं सर्किट त्याला चाकाचा वेग मोजणाऱ्या मॅग्नेटिक सेन्सरसारखा खोटा सिग्नल पाठवत होतं. वेग कितीही कमी केला तरी स्क्रीनवरची लाट तेवढीच उंच.

“इथे चुकतेयस,” मागून प्रधानसर म्हणाले. “चाक मंदावलं की खऱ्या सेन्सरचा सिग्नल बारीक होतो. इतका, की चाक फिरत असूनही कंट्रोलर ते थांबलंय असं धरून चालतो.”

तिने ते दुरुस्त केलं. लाट बारीक झाली आणि कंट्रोलरने वेग शून्य दाखवला.

संध्याकाळी खोलीवर एकटीनेच चहा घेऊन तिने कराडला फोन लावला. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली, असंच सगळे धरून चालले होते. आत्या फोन त्यांच्या उशीशी ठेवायची. शर्वाणी दोन वाक्यं बोलायची, उत्तर आलं नाही की बंद करायची.

“बाबा, मी बोलतेय.”

तिचा अंगठा लाल बटणापर्यंत गेला आणि थांबला. पलीकडे आत्याने देवापुढे घंटा वाजवली, कुकर लावला, त्याच्या शिट्ट्याही झाल्या.

मग अगदी बारीक आवाज आला. “जेवलीस?”