परत मिळतं का?

"आई, मी गेले की माझ्या लॅपटॉपमधलं सगळं पुसून टाक. उघडून बघायचं नाही." आजारी लेकीला, नीरजाला, वृंदाताईंनी तसं वचन दिलं होतं.

एकही नेम कधी न मोडणाऱ्या वृंदाताई तेराव्यानंतर महिनाभर ते टाळत राहिल्या. आज मात्र त्या लॅपटॉप घेऊन मंडईजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या.

"अहो, यातलं पुसलेलं परत मिळतं का?"

"जुन्या हार्ड डिस्कमधलं मिळायचं कधीकधी. ही एसएसडी आहे, काकू. जलद चालते, पडली तरी टिकते; पण पुसलं की कायमचं गेलं. म्हणून बॅकअप घ्यायचा असतो. काय पुसलंत?"



"अजून काही नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि लॅपटॉप पोटाशी धरून घरी निघाल्या.