गिअरबॉक्स निवेपर्यंत

पेपर मिलमधून रिटायर झाल्यावर भास्कररावांनी व्हॅनमध्येच छोटंसं घर थाटलं. चिखलदऱ्याच्या घाटात मात्र दर खेपेला गिअरबॉक्स तापायचा. तो निवेपर्यंत भागीरथीबाई चहा टाकायच्या आणि एरवी मूग गिळून बसणारा नवरा दगडावर बसून पार लहानपणापासूनचं बोलत सुटायचा.

यंदा लालबागच्या मिस्त्रीनं गिअरबॉक्सला कूलर बसवला. "आता एका दमात घाट चढू," भास्करराव म्हणाले. भागीरथीबाईंचं तोंड उतरलं.

नेहमीच्या वळणावर गाडी थांबली. तापमानाचा काटा तर तळालाच होता.

"तापली का हो?"

"लईच गरम झाली," काट्यावर टोपी ठेवत भास्करराव म्हणाले.

"मग निवू द्या आरामात," म्हणत भागीरथीबाईंनी पातेल्यात दूध जरा जास्तच ओतलं.