बोटावरचा पराग

काळ्या टोमॅटोचं झाड करपून गेलं होतं. त्यावर उरलेल्या एकुलत्या एका फुलाचा पराग हेमांगीने बोटावर घेतला. शेजारच्या पिवळ्या टोमॅटोशी संकर करून तिला नवी जात काढायची होती. पिवळ्याच्या फुलापासून वीतभर अंतरावर तिचा हात थांबला.

"आजची ताकद संपली. आता विश्रांती," मानेतली चिप म्हणाली. जुनं दुखणं बळावू नये म्हणून ती हेमांगीचं शरीर तासभर बंद ठेवायची, जिभेसकट.

दिगंबर धावत गॅलरीत आला. "तरी सांगत होतो, सकाळपासून खपू नकोस!" त्याने बायकोला खुर्चीत नीट बसवलं. हेमांगीला आता फक्त बघता येत होतं.

"किती माखलीयेस गं," म्हणत त्याने तिचं बोट ओल्या फडक्याने मायेने पुसून काढलं.