घसा दुखतोय

"घसा दुखतोय," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "महिना होऊन गेला."

शेजारच्या खुर्चीत नवरा पिशवी मांडीवर घेऊन अवघडून बसला होता. बाजारात तो भाजीचे लिलाव पुकारायचा. सगळे त्याला भोंगा म्हणत. तीस वर्षांत तो दवाखान्याची पायरी चढला नव्हता. वडील एकदा चढले ते पुन्हा आपल्या पायांनी उतरले नाहीत, एवढंच तो सांगायचा आणि सगळी दुखणी अंगावर काढायचा. आज मात्र तिच्याआधी चपला घालून दारात उभा होता.

डॉक्टरबाईंनी विचारलं, ताप येतो का. नाही. सर्दी, खोकला? तेही नाही. गिळताना दुखतं?

"डाव्या बाजूला. घास घट्ट असला की जास्त. ठणका कानापर्यंत जातो."

कानामागे अंगठा चोळत नवरा तिच्याकडे बघत राहिला. एवढं सगळं होतं, आणि घरात ती फक्त म्हणाली होती, घसा काही बरा नाही, दाखवायला हवा.

डॉक्टरबाई समजावून सांगू लागल्या. बहुतेक घसे सर्दीपडशाने धरतात आणि आठवड्याभरात आपसूक सुटतात. त्यांना कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि विश्रांती पुरते. ताप असला, गळ्याला गाठी आल्या, आत पांढरे ठिपके दिसले, तर जंतूंचा संशय. मग तपासून औषध द्यायचं, आणि दिलेलं अर्धवट सोडायचं नाही.

"पण ताप नाही, सर्दी नाही आणि दुखणं तीन आठवड्यांनंतरही हलत नाही, तर आत डोकावायलाच हवं. आवाज बदललाय?"

"बदललाय," ती म्हणाली. तेवढा एक शब्दही तिच्या ओठांतून कसाबसा निघाला.

नवऱ्याने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. ती घरी कपड्यांची काजंबटणं करायची, आणि सुईबरोबर तिचं गुणगुणणं चालायचं. शब्द तिचेच, जुळतील तसे:

बाजारी गर्जे ढग, घरी येतो थेंब होऊन,
माझ्या सुईच्या दोऱ्यानं ठेवला मी ओवून.

महिनाभर ते बंद होतं. सुई चालायची, ओठ मिटलेले. दिवसभर आरडाओरड्यात राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी तेवढंच ऐकायचं असायचं. ते कायमचंच गेलं तर? या 'तर'च्या पुढे त्याचं मन पाऊल टाकत नव्हतं.

त्याने जमेल ते सगळं केलं होतं. ती मीठपाण्याचे दोन पेले भरायची. सोबत असली की गुळण्या होतात, नाहीतर कंटाळा येतो, म्हणायची. मग दोघं मोरीत माना वर करून उभे. त्याची गुळणी फाटक्या ढोलासारखी वाजायची. शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, नळाला हवा आली का हो? जेवण मऊ, बिनतिखटाचं होऊ लागलं. त्याने कुरकुर केली नाही. उलट हेच बरं घशाखाली उतरतं म्हणाला. जेवताना तो विचारायचा, "आहे का फरक?" ती त्याच्या तोंडाकडे बघत म्हणायची, "तुम्हाला काय वाटतं?"

"आहे की थोडा," तो म्हणायचा. तिला तेवढाच धीर.

डॉक्टरबाईंनी पेन्सिलीएवढी एक नळी काढली. टोकाला दिवा होता, कॅमेरा होता. त्यांनी तपासणीच्या खुर्चीकडे हात केला. ती जागची हलली नाही.

"मला भीती वाटते हो," ती नवऱ्याला म्हणाली. "आधी तुम्ही बसा ना. मी बघते."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याची तयारी आहे का, असं त्यांनी विचारलं.

"माझी कसली तयारी? अख्खा बाजार रोज माझा घसा आतपर्यंत बघतो."

त्याच्या घोगऱ्या आवाजाने खोली खरवडून निघाली. आवाज पहिल्यापासून असाच का, असं बाईंनी सहज विचारलं. धंद्याचा आवाज आहे, तो म्हणाला, भोंग्याला गंज चढायचाच. आणि खुर्चीत जाऊन बसला.

बाईंनी कापडाच्या घडीत त्याची जीभ धरली, नळी आत सरकवली. ई म्हणा. तो ई म्हणाला. बाईंच्या खांद्यावरून त्याला बायको दिसत होती. तिची नजर पडद्यावर खिळली होती आणि पदराचं टोक मुठीत होतं. बायकोने इतक्या वर्षांत त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. आज मागितलं तेही एवढंसं, आधी तुम्ही बसा. हे तरी आपल्या हातून होतंय, म्हणून त्याने मनातल्या मनात हात जोडले. तिचं निभावू दे, आणखी काही नको.

बाईंनी पुन्हा एकदा ई म्हणायला लावलं. बराच वेळ बघितलं. मग नळी बाहेर काढली.

त्याने तोंड पुसलं आणि हसला. "बघ, चिमटासुद्धा बसत नाही. ये, बस आता."

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून तिने डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, "आहे ना?"

"आहे. डावीकडेच, तांदळाच्या कणीएवढं. तुकडा घेऊन तपासावं लागेल. पण इतकं लहान असताना सापडलं, की बहुतेक पुरतं बरं होतं." बाईंनी हातमोजे काढले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत. ह्यांना अगदी वेळेवर आणलंत."