हिरव्याजवळ बसायचं नाही

बाटलीचं ओलं बूच. कागदाच्या पुडीतले खारे शेंगदाणे. रेडिओवरच्या सातच्या बातम्या. मित्राच्या मोटरसायकलची फटफट.

वृद्धाश्रमातल्या खाटेवर धुरीकाका डोळे गच्च मिटून हे एकेक मुद्दाम आठवत होते. दारूची तलफ वाढली की मनगटावरच्या पट्ट्यातला दिवा लाल होई आणि सिस्टर रोझलिन अर्धा तास जवळ येऊन बसे. पण कातडीखालची नवी चकती तलफ उठण्याआधीच विझवायची. दिवा हिरवाच राहिला.

रोझलिन औषधांची गाडी ढकलत दारावरून चालली होती.

“सिस्टर, बस ना जरा.”

“हिरव्याजवळ बसले तर यंत्र माझी गैरहजेरी लावतं, काका. तुम्ही बरे झालात आता.”

“तलफ गेली गं. सात वाजायचे थांबलेत का?”

“तुम्हाला सोबत लागते, हे तीनदा लिहून कळवलं वर. कोणी वाचतच नाही.”

“मग प्यायलोच, तर येशील?”

“चकती आहे. चढणारसुद्धा नाही तुम्हाला.”

“चढायला कोण पितंय?”

मग गाडी पुढच्या खोलीकडे गेली.

चकती बसवायला धुरीकाका स्वतःहून तयार झाले होते. रोज संध्याकाळी सिस्टरला आपल्यासाठी धावत यावं लागतं, याचा त्यांना संकोच वाटायचा.