नववं मत

"आलास का पहारेकरी?" नागाहारा आजोबांनी झाडू भिंतीला टेकवला. "कान बघ कसे लाल झालेत. टोपी कुठे गेली?"

"घाईत घरीच राहिली, आजोबा." कुरामोचीने वाकून नमस्कार केला आणि फाटकासमोरची रोजची जागा धरली.

मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ठरवणाऱ्या मंडळात नऊ जण होते. बैठक जवळ आली की त्यांना दराबद्दल बोलायची बंदी असते. मग टोकियोतले वार्ताहर सकाळी त्यांच्या दारासमोर जाऊन उभे राहतात आणि न बोलता जे कळेल ते टिपतात. बॅग जड आहे का, झोप झालेली दिसते का, गाडीत बसताना चेहरा कसा होता. कुरामोचीला या कामात आपला हात कोणी धरणार नाही अशी खात्री होती.

त्याच्या वाट्याला आजोबांची मुलगी आली होती. शिओरी नागाहारा, पूर्वी विद्यापीठात प्राध्यापक. बाकीच्या आठ जणांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं, चार दरवाढीच्या बाजूने आणि चार विरुद्ध. नववं मत या घरात होतं. संसदेची निवडणूक तोंडावर आली होती. सरकारला दरवाढ नको होती, आणि येन घसरला म्हणून विरोधक सरकारला रोज सोलून काढत होते.

"बातमी आधी आणलीस तर राजकीय विभागात घेतो," संपादक हिरानुमाने बजावलं होतं. "चुकलास तर उत्तरेला जा आणि बटाट्याच्या भावावर लिहीत बस."

आजोबांनी आयुष्यभर केस कापले होते. बायको गेल्यावर दुकान बंद करून ते मुलीकडे राहायला आले. दुकान सुटलं, पण समोरच्याला बोलतं करायची सवय सुटली नव्हती. ते रोज एक गरम भाताचा गोळा कुरामोचीच्या हातात ठेवत आणि काहीबाही विचारत बसत.

"लग्न कधी करतोस?"

"घर मिळालं की. कोहारू सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट धरून बसली आहे. छोटासाच आहे, पण खिडकीतून नदी दिसते."

"मग घे की. यंदा पगार वाढला म्हणालास ना?"

"वाढला, आणि तांदळाने खाल्ला. रविवारचं बाहेर जेवणंही आम्ही बंद केलंय. त्यात कर्जाचा दर बदलता. उद्या वाढला तर हप्ता झेपायचा नाही."

"तुझ्या कचेरीतल्या बाकी पोरांचं काय?"

"त्यांचंही तेच. कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच."

"केस कापून घ्यायलाही पैसे उरलेले दिसत नाहीत," आजोबा म्हणाले. "मानेवर नुसतं जंगल झालंय."

कुरामोची हसला. म्हाताऱ्याला एकटं वाटत असणार, म्हणून तो मोकळेपणाने उत्तरं देई. बदल्यात त्याला हवं ते अलगद मिळे.

"बाई अजून निघाल्या नाहीत?"

"करड्या सुटाला इस्त्री करते आहे. उद्या घालायचाय म्हणे."

कुरामोचीचा घास तोंडातच राहिला. उद्याच बैठकीचा निकाल होता, आणि मागच्या दरवाढीच्या दिवशी बाईंच्या अंगावर तोच सूट होता. तो फोटो त्याच्याकडे होता.

थोड्या वेळाने शिओरीबाई बाहेर आल्या. बॅग जड होती. रोजच्यासारखं "थंडी आहे, सांभाळा" एवढंच बोलून त्या गाडीत बसल्या. गेलं वर्षभर त्या प्रत्येक भाषणात महागाईवरच बोलत होत्या. आता शंकेला जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी त्याने कोहारूला फोन केला. "बातमी माझ्या नावाने पहिल्या पानावर लागतेय. दर वाढणार."

"म्हणजे आपला फ्लॅट गेला," कोहारू म्हणाली. "वा रे बहाद्दर. स्वतःच्याच घराची बातमी विकलीस."

"राजकीय विभागात गेलो की दुसरा बघू."

"तोपर्यंत मी दुसरा नवरा बघते," असं म्हणून ती हसली, पण फोन तिनेच आधी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. दर जैसे थे, पाच विरुद्ध चार. दरवाढ रोखणाऱ्या पाच जणांत शिओरी नागाहारा यांचं नाव होतं.

हिरानुमाने वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. "सुटाला इस्त्री! अरे, इस्त्रीवर पहिलं पान छापलं आपण!"

बाईंचं छोटंसं निवेदनही सोबत आलं होतं. कुरामोचीने ते मोठ्याने वाचलं. "आकडे दरवाढ करा म्हणतात, आणि मीही त्याच मताने आले होते. पण तरुण घरांत अजून तेवढी ताकद आलेली नाही." त्याने कागद चुरगळला. "कुठली घरं बघितली यांनी? दारातून गाडीत बसतात आणि गाडीतून बँकेत उतरतात!"

"उत्तरेला गेलास की त्यांना पत्र टाकून विचार," हिरानुमा म्हणाला.

सकाळी तो पुन्हा त्या फाटकापाशी गेला. आता तिथे काही काम नव्हतं. आजोबांचा निरोप घ्यावा, एवढंच मनात होतं.

आजोबा झाडत होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. भाताचा गोळा हातात ठेवला आणि बाजूला झाले.

फाटक उघडून शिओरीबाई बाहेर आल्या. गाडीकडे जाता जाता थांबल्या आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुरामोचीसान," त्या म्हणाल्या, "नदी दिसते तो सातव्या मजल्यावरचा फ्लॅट मिळेल ना आता कोहारूसानला?"