जोडीचा बैल

“अर्धी म्हणजे अर्धी! चाटू नको, खाली ठेव!” शोभा लहानग्या देवरावच्या अंगावर ओरडली. मथुराबाईंच्या ओट्यावर करंज्यांची परात होती आणि वाटायचा मान शोभाचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. ज्या आळीचा लाकडी बैल सजावटीत पहिला, मथुराबाईंची परात त्या आळीची. शोभाच्या बैलाच्या शिंगांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती आणि पाठीवर पुसदच्या बाजारातली लाल झूल. मग काय, परात खालच्या आळीची!

वाटणी मात्र चोख हं. फुटकी करंजीसुद्धा तिनं बोटानं मापून मोडली. देवरावच्या बैलाचं शेपूट वाटेतच गळालं होतं, तरी त्याला सगळ्यांइतकंच. “आपल्या आळीचं लेकरू हाय,” ती म्हणाली.

वरच्या आळीची पोरं ओट्याखाली लाळ गिळत उभी होती. त्यांचा म्होरक्या कमलाकर म्हणाला, “गेल्या साली हरली तं रडून राह्यली होती ना? म्हणे, पोरं सारे सारखे, आमालेही द्या!”

“तवा आम्ही हरलो होतो,” शोभा म्हणाली. “आता तुम्ही हरले.”



तेवढ्यात मथुराबाई ओवाळायचं ताट आणि एक लहानसं लाकडी जू घेऊन आल्या. पूजेआधी तोंड हलवायचं नाही, हा त्यांचा दंडक. “काहून वो शोभे, एकच बैल? अर्ध्या जुवाची कुठं पूजा होते काय? जोडी लाव.”

शोभानं देवरावचा बैल शेजारी उभा केला. तो तिच्या बैलाच्या पोटाशी येत होता. मानेवर जू ठेवताच बिचारा चारी पाय वर करून पडला. बाकीच्यांत कुणी फार उंच, कुणाचं चाकच मोडलेलं. जुळेल असा एकच होता. उकंडा सुतारानं शोभाच्या बैलासोबत सागाच्या एकाच ओंडक्यातून घडवलेला. तो कमलाकरच्या काखेत होता.

“दे ना रे,” शोभा म्हणाली. तिचा सगळा जीव परातीत. “तुले दोन करंज्या देईन.”

“मले एकट्याले नाही लागत. साऱ्या आळीले देशील तं बोल.”

शोभाला रडूच यायला लागलं. वर्षभर वाट पाहून जिंकलेली परात! मागून देवराव कुजबुजला, “शोभाताई, भूक लागली वो.”

“बरं बाप्पा,” ती म्हणाली. “आजपासून आपली एकच आळी.”

जोडी लागली. कुंकू लागलं. शोभा आणि कमलाकर मांडीला मांडी लावून नव्यानं वाटायला बसले. इतक्यात मागच्या गल्लीतली पोरं आपापले बैल ओढत फाटकाशी आली. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, “आमाले?”

“तुम्ही आमच्या आळीचे हाय काय?” दोघं एका सुरात ओरडले.

मथुराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“पुढल्या साली नांगर पुजीन,” त्या म्हणाल्या. “आपल्या काळ्या मातीत त्याले तीन जोड्या लागतात, तिन्ही आळ्यांच्या.”